कब्बिण की कल्लू

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात माजघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक लोखंडाचा तुकडा लावून ठेवलेला असतो. ओतीव लोखंड, तीन-साडेतीन किलोचा ऐवज. एका अंगानं खरबरीत, दुसऱ्या अंगानं करवतीनं कापलेला, सपाट. त्या सपाट बाजूच्या मधोमध एक पोकळी आहे, चिकूची बी सहज बसेल एवढी. लहानपणी मी त्यात खरंच चिकूच्या बिया लपवायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, बघायचे, पण बोलायचे नाहीत. तो तुकडा त्यांना आवडत नव्हता आणि टाकवतही नव्हता.

मागच्या दिवाळीत आजोळच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'अबब! अवकाशात सापडला सोन्याचा डोंगर. पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश होणार!' खाली पिवळ्या धमक बटाट्यासारखं काहीतरी अंधारात तरंगतंय असं चित्र. तिघांनी हात जोडले, एकीनं आमचा वाटा कधी म्हणून विचारलं, आणि निपाणीच्या मामेभावानं 'पहिलं तंबाखूला दर द्या म्हणावं' एवढं लिहून विषय संपवला. मी तो मेसेज आप्पांना वाचून दाखवला. म्हणजे ओरडून दाखवला. उद्यमबागच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पस्तीस वर्षं काढल्यावर कानात जे उरतं तेवढ्यावरच त्यांचं ऐकणं चालतं. मशीन लावलंय, पण ते बहुतेक वेळा खिशात असतं.

"सोन्याचा म्हणून कुणी सांगितलं?" आप्पा म्हणाले. "कापून बघितलाय काय?"

"नाही ओ. लांबनंच बघितलाय."

"मग कशाला खरं धरायलीस?"

त्या एका वाक्यापायी माझे पुढचे कितीतरी रविवार गेले.

तर, त्या बटाट्याचं नाव सायकी. ग्रीक देवीचं नाव, अर्थ आत्मा, आणि फुलपाखरूसुद्धा. आमच्या घरात मात्र पहिल्या दिवसापासून त्याचं 'सायकल' झालंय. 'सापडला' ही बातमी पावणेदोनशे वर्षं शिळी आहे. १७ मार्च १८५२ रोजी नेपल्सच्या वेधशाळेतून अन्निबाले दे गास्पारिस यांना तो दिसला, तेव्हा मुंबई-ठाणे पहिली आगगाडी धावायला अजून वर्ष होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सापडलेला तो सोळावा लघुग्रह, म्हणून त्याला १६ सायकी म्हणतात. सूर्याभोवती एक फेरी पाच वर्षांत, स्वतःभोवती गिरकी सव्वाचार तासांत. लांबी २८० किलोमीटरच्या आसपास. एक टोक बेळगावात ठेवलं आणि सरळ रेषेत मोजलं, तर दुसरं टोक साताऱ्याच्या पुढं, पुण्याच्या अलीकडं कुठंतरी येईल. एवढं मोठं धूड, पण ओढ अशी क्षीण की इथं साठ किलो भरणारा माणूस तिथल्या काट्यावर किलोभरही भरायचा नाही.

आणि सोनं? सोन्याचा मुद्दाच नाही. तो लोखंड आणि निकेलचा असावा, असा जुना कयास होता. त्याच्याकडं निघालेल्या नासाच्या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ लिंडी एल्किन्स-टँटन यांनी एकदा हिशेब मांडला होता, की हे सगळं लोखंड बाजारभावानं विकलं तर किती होतील. एकावर एकोणीस शून्यं, डॉलरमध्ये. त्याच बाईंनी लगोलग हेही सांगितलं होतं, की हा हिशेब निरर्थक आहे. आणायचं कसं ते कुणाला ठाऊक नाही, आणि आणलंच तर दुसऱ्या दिवशी लोखंडाला कुत्रं विचारणार नाही. पण आकडा जगभर फिरला आणि पुढचं वाक्य मागं राहिलं. आप्पांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. "भंगाराचा धंदा असाच," म्हणाले.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या कन्नडच्या पुस्तकात लघुग्रहाला 'क्षुद्रग्रह' म्हणतात. मराठी कानाला तो शब्द शिवीसारखा लागतो. साताऱ्यापलीकडं पोचणाऱ्या लोखंडाला क्षुद्र कसं म्हणायचं? पण तिच्यामुळं मला माझाच एक जुना घोटाळा आठवला. कन्नडमध्ये लोखंड म्हणजे कब्बिण आणि ऊस म्हणजे कब्बू. उसाचा म्हणायचं तर कब्बिन. बोलण्याच्या ओघात 'ण' आणि 'न' मधला फरक मला लहानपणी पकडता यायचा नाही. आप्पांचे फाउंड्रीतले मेस्त्री घरी यायचे, कन्नडच बोलायचे, आणि मला वाटायचं, ही माणसं दिवसभर उसाचा रस उकळतात. आमच्याकडं गुऱ्हाळं होतीच, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. उकळता रस साच्यात ओततात, थिजल्यावर बाहेर काढतात, ढेप तयार. पुढं फाउंड्री बघितली तेव्हा कळलं, की कल्पना तशी फार चुकली नव्हती.

कल्लू म्हणजे दगड. सायकीबद्दलचा सगळा वाद या दोन शब्दांत बसतो. कब्बिण की कल्लू?

लोखंड म्हणण्यामागं कारणं होती. पृथ्वीवरून सोडलेले रडारचे तरंग त्याच्यावर आपटून परत येतात ते साध्या दगडावरून येतात त्याहून कितीतरी ठसठशीत. असं चकाकणं धातूचंच. मग त्याची जन्मकथाही ठरली. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी ग्रह घडत होते, तेव्हा एखादा छोटा ग्रह आतून वितळला. उष्णता आली एका किरणोत्सारी ॲल्युमिनियममधून. (ॲल्युमिनियम म्हटलं की आम्हा बेळगावकरांच्या डोळ्यांसमोर यमनापूरचा कारखाना येतो, हे ॲल्युमिनियम तसलं नव्हे, ते केव्हाच विझून गेलं.) वितळल्यावर जड लोखंड तळाशी गेलं, हलका दगड वर तरंगला. लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, लोखंडाचा रस घेतल्यावर स्लॅग, म्हणजे हलका मळ, वर येतो तसंच. मग टकरा झाल्या, वरचा दगड सोलून निघाला, आणि आतला लोखंडी गाभा उघडा पडला. तो म्हणजे सायकी. गोष्ट इतकी देखणी की मोडवत नाही.

हे आप्पांना समजावताना मी 'कोअर' हा शब्द वापरला आणि गाडी अडली. "कोअर वाळूचा असतो की," ते म्हणाले. फाउंड्रीत कोअर म्हणजे वाळूचा गोळा. तुकडा जिथं पोकळ हवा तिथं तो साच्यात बसवतात, रस त्याच्या भोवतीनं फिरतो, आणि शेवटी कोअर फोडून झटकून टाकतात. शास्त्रज्ञांचा कोअर म्हणजे उरतो तो, आप्पांचा कोअर म्हणजे काढून टाकायचा तो. आम्ही अर्धा तास एकमेकांशी बोलत होतो आणि दोघांच्या डोक्यात आतलं-बाहेरचं उलटंपालटं होतं. शेवटी मी 'गाभा' म्हटलं तेव्हा सुटलं.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो शास्त्रज्ञांनाही पडला होता. "वजन किती, आणि आकार किती?"

आप्पांचं आयुष्य या दोन प्रश्नांत गेलं. सागवानी पॅटर्न, म्हणजे साचा करायचा लाकडी नमुना, हातात घेऊन त्याच्या वजनावरून ओतीव तुकडा किती भरेल हे ते सांगायचे, आणि काट्यावर फार फरक पडायचा नाही. फरक पडला तर आत काहीतरी गडबड. सायकीला तराजूत कोण घालणार? पण दुसरे लघुग्रह त्याच्या जवळून जाताना वाटेवरून केसभर सरकतात, त्या सरकण्यावरून त्याचं वजन काढतात. सुरुवातीची उत्तरं एकमेकांशी जुळतही नव्हती. हळूहळू आकार नीट कळला, वजन नीट कळलं, आणि भागाकार आला चारच्या आसपास. म्हणजे एका घनसेंटिमीटरला चार ग्रॅम.

"चार?" आप्पा म्हणाले. "लोखंड सातच्या वर पाहिजे."

ओतीव लोखंड सातच्या जरा वर, शुद्ध लोखंड पावणेआठच्या वर. आपला काळा फत्तर तीनच्या आसपास. चार म्हणजे दगडाला जड आणि लोखंडाला हलका. आता दोनच वाटा उरतात. एक तर तो लोखंडाचाच आहे पण जवळजवळ अर्धा पोकळ आहे, टकरांनी फुटून पुन्हा ढिगासारखा साचलेला. नाही तर त्यात दगड मिसळलाय. आज बहुतेकांचा कल मिश्रणाकडं आहे, धातू ३० ते ६० टक्के, बाकीचा दगड. कदाचित तो गाभा नव्हेच. सूर्याजवळ, धातूचं प्रमाण मुळातच जास्त होतं अशा मालातून तो घडला असेल आणि कधी वितळलाच नसेल. त्यात पृष्ठभागावर पाण्याच्या नात्यातल्या खनिजांच्या खुणाही सापडल्यात. त्या बाहेरून येऊन आदळलेल्या दगडांनी आणल्या असाव्यात. आप्पांचं मत एका शब्दाचं: "गंजलाय."

सीमाभागात राहणाऱ्या माणसानं इथं थांबून मिश्रणावर चार सुविचार लिहायचे असतात. तो मोह मला झाला होता, कबूल करते. पण आप्पांनी मिश्रणाला कधी भाव दिला नाही. वाळू मिसळणाऱ्याशी कन्नड, रस ओतणाऱ्याशी मराठी, आणि शिव्या दोन्हींतून, हे त्यांच्या लेखी काही विशेष नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच असायचा. जे काही आहे ते आतून भरीव आहे की नाही?

आता त्या तुकड्याबद्दल.

मी सातवीत होते. आप्पा तेव्हा तपासणीवर होते. फेटलिंग झालेले, म्हणजे कडेची फुलं घासून काढलेले तुकडे रांगेत मांडलेले असायचे आणि आप्पा छोटी हातोडी घेऊन एकेकावर ठोका द्यायचे. खणखणला की पुढं. बद्द वाजला की खडूची फुली आणि बाजूला. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा बघितलं होतं; ग्राइंडरच्या त्या कर्कश आवाजात त्यांना तो फरक कसा ऐकू यायचा, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढं त्याच ग्राइंडरनं त्यांचे कान नेले.

पंपाच्या बॉडीचा एक लॉट पुण्याकडं जायचा होता. आप्पांनी सोळा तुकड्यांवर फुल्या मारल्या. गाडी उभी होती, महिनाअखेर होती, आणि वरच्या कुणीतरी फुल्या पुसायला लावल्या. पुण्यात मशीनवर चढवल्यावर दोन-तीन तुकड्यांत हत्यार एकदम आत घुसलं. पोकळी. सगळा लॉट परत. चौकशी झाली आणि तपासणीच्या कागदावर सही आप्पांची होती, म्हणून आठवडाभर त्यांना बिनपगारी घरी बसवलं. आठव्या दिवशी ते कामावर गेले आणि येताना सायकलच्या कॅरियरला बांधून तो कापलेला अर्धा तुकडा घेऊन आले. तिसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलेलं असायचंच. त्या संध्याकाळी तिथं ताटकळताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा मी आता विचार करते. घरी येऊन तो तुकडा त्यांनी दाराशी ठेवला आणि आईला एवढंच म्हणाले, "हा माझा कान."

गंमत म्हणजे आप्पा स्वतःच सांगतात, की नाद चीर सांगतो, पोकळी दर वेळी सांगत नाही. पोकळी होते ती थिजण्यात. रस बाहेरून आत थिजत येतो, थिजताना आक्रसतो, आणि सगळ्यात शेवटी थिजणाऱ्या जागेला रस कमी पडतो. म्हणून तर रायझर ठेवतात, जास्तीचा रस पुरवायला. सायकीबद्दल असाच एक तर्क आहे, अर्थात तो वितळलेला होता असं धरलं तर. दगडाची साल निघाली तेव्हा आतलं लोखंड अजून पातळ असेल, तर ते बाहेरून थिजत गेलं असणार आणि आक्रसताना आतला रस कवचाच्या चिरांतून वर उसळला असणार. लोखंडाचे ज्वालामुखी! हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रायझर नव्हता ना तिथं."

घाई हा त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा गुन्हा. साचा लवकर फोडला, म्हणजे नॉकआऊट घाईनं केला, तर तुकडा तडकतो, ताण धरून बसतो. म्हणून त्यांना लोखंडी उल्कांची गोष्ट फार आवडली. अशी उल्का कापून, घासून, वर ॲसिड लावलं की तिच्यात आडव्यातिडव्या पट्ट्यांची नक्षी उमटते. विडमानस्टाटनची नक्षी म्हणतात तिला. निकेल आणि लोखंड मिळून दहा लाख वर्षांत काही अंश, फार तर काही हजार अंश, एवढ्या सावकाश थंड झालं तरच ती उमटते. कुठल्याही भट्टीत ती करून दाखवता येत नाही. फाउंड्रीच्या लॅबमध्येही नमुना घासून ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली बघतात, म्हणून आप्पांना चित्र लगेच दिसलं. "दहा लाख वर्षं नॉकआऊट नाही," ते म्हणाले, आणि मालकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले. मालक जाऊन बारा वर्षं झाली, फाउंड्रीच्या जागी आता गोदाम आहे.

एवढी खटपट त्या बटाट्यासाठी का, असं माझ्या मुलीनं विचारलं. कारण आपल्या पायाखालचा गाभा आपल्याला कधीच बघता येणार नाही. तो २,९०० किलोमीटर खाली सुरू होतो, आणि रशियातल्या कोला इथं माणसानं खणलेलं सगळ्यांत खोल भोक बारा किलोमीटरच्या जरा पुढं जाऊन थांबलं. मग तिथं गाभा आहे हे कळलं कसं? ठोका देऊन. फक्त तो ठोका आपण दिला नाही, भूकंपानं दिला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणात नोकरी केलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास केला, भूकंपाचे तरंग वेगवेगळ्या जातीचे असतात हे वेगळं करून दाखवलं, आणि १९०६ मध्ये त्या तरंगांवरून सांगितलं, की पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे. पुढं १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्याच वाटेनं जाऊन त्या गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा आहे हे ओळखलं. दोघांनीही काही कापलं नाही. ऐकलं.

हे मी आप्पांना कागदावर लिहून दिलं, कारण त्यांना ते नीट कळावं असं मला वाटत होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. मग १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपाची आठवण निघाली, पहाटे भांडी कशी वाजली त्याची.

सायकीवर मात्र कुणी ठोका देणार नाही. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी फ्लोरिडातून सुटलेलं नासाचं यान त्याच्याकडं निघालंय, नाव तेच, सायकी. वाट सुमारे साडेतीनशे कोटी किलोमीटरची, मध्ये मंगळाजवळून जाऊन त्याच्या ओढीचा झोका घ्यायचा, आणि ऑगस्ट २०२९ मध्ये पोचायचं. त्याची इंजिनं सूर्याच्या विजेवर झेनॉन वायू मागं फेकतात आणि त्यांचा जोर फार तर एवढा, की तळहातावर दोन तोळे ठेवल्यावर जेवढा भार जाणवेल तेवढाच. पण तो वर्षानुवर्षं लावून धरायचा. मी हे सांगत असताना आईच्या बांगड्या आप्पांच्या हातात होत्या, पेटी आवरणं चाललं होतं. त्यांनी एक उचलून तळहातावर तोलली आणि अविश्वासानं माझ्याकडं बघितलं.

यान उतरणार नाही, फोडणार नाही, नमुना आणणार नाही. दोनेक वर्षं भोवती फिरत राहील आणि चार प्रकारांनी तपासेल. कॅमेरे बघतील. अवकाशातून येणारे वेगवान कण पृष्ठभागावर आदळतात तेव्हा लोखंड, निकेल, सिलिकॉन अशी प्रत्येक जात आपापल्या खुणेचे गॅमा किरण सोडते, ते एक यंत्र टिपेल. चुंबकत्व मोजणारं यंत्र आहे. सायकीत जुनं गोठलेलं चुंबकत्व सापडलं, तर तो एकेकाळी वितळलेला गाभा होता या गोष्टीला मोठा आधार मिळेल. (खडेबाजारच्या भंगारवाल्याच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं चुंबक असायचं, त्याचीच ही लांबची पोर.) आणि चौथा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. त्यासाठी वेगळं यंत्रच नाही. यान फिरताना कुठं किंचित जास्त ओढलं जाईल, कुठं किंचित कमी, आणि त्याच्या रेडिओचा सूर तेवढ्यापुरता चढेल किंवा उतरेल. त्या चढउतारावरून आतलं वजन कुठं घट्ट आहे, कुठं विरळ, ते मांडता येईल.

"म्हणजे नादच की," आप्पा म्हणाले.

परवाच्या रविवारी पाऊस होता, लाईट गेली होती. आप्पांनी बोटं मोजली. "२०२९ म्हणजे मी ब्याऐंशी," एवढंच म्हणाले. मग उठून दाराशी गेले, तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला, खाली वर्तमानपत्राची घडी घातली. स्वयंपाकघरातून उलथनं आणून माझ्या हातात दिलं.

"ठोक."

मी ठोकलं.

त्यांनी डावा तळहात तुकड्याच्या खरबरीत अंगावर सपाट टेकवला, डोळे मिटले. "परत."

मी परत ठोकलं. बाहेर पन्हळीचं पाणी पडत होतं, त्यामुळं मलाही नीट ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या ठोक्याला त्यांनी हात पोकळीच्या बाजूला सरकवला.

"कसा वाजला?" त्यांनी विचारलं.

"बद्द," मी ओरडून सांगितलं.

"होय ना?" म्हणाले, आणि खडू शोधायला उठले.